धोंड्याच्या महिन्याची गाडी

अण्णा गेले आणि वर्षाच्या आत सयाजी आणि अभिमन्यू या सख्ख्या भावांनी घर वाटून घेतलं. वाटणी कसली, लचकेतोड. रान वाटलं, विहिरीच्या पाळ्या वाटल्या. अंगणातल्या पाट्या-वरवंट्यावर येऊन अडलं तेव्हा पाटा सयाजीनं उचलला आणि वरवंटा अभिमन्यूनं. दोन वर्षं झाली, दोन्ही चुलींवर मिक्सरची चटणी खातात, पण यानं पाटा दिला नाही की त्यानं वरवंटा. अशा माणसांना काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा.

मधली बहीण विजयमाला, मोहोळकडं दिलेली. तिनं बार्शीच्या कचेरीत एका अर्ध्या कप चहावर हक्कसोडपत्राला सही करून दिली. तेव्हा दोघे भाऊ एका सुरात म्हणाले होते, "सणावाणाला तुला कमी पडू देणार न्हाय." दोघांचा सूर जुळला तो तेवढाच, आणि शेवटचा.

राहिली अण्णांची मोटारसायकल. शंभर सीसीची, पंचवीस वर्षांची, काटा दोनदा फिरून शून्यावर आलेला आणि तिसऱ्यांदा साठ हजार ओलांडून गेलेला. ती काही मधोमध कापता येईना. मग वैरागचा भीमामामा, आईचा भाऊ, पंच म्हणून बसला. मामाचा इंग्रजी तारखांवर विश्वास नाही, कुठं तीस कुठं एकतीस. त्यानं भिंतीवरचं पंचांग काढलं आणि सांगितलं, "चैत्र अभिमन्यूचा, वैशाख सयाजीचा, ज्येष्ठ पुन्ना अभिमन्यूचा. असं फाल्गुनापातूर. अमावस्या सरली की दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी माझ्या दारात आणायची, ऑईल बदलून आणायची, आन् दुसऱ्यानं हितनंच न्यायची. एकमेकाच्या उंबऱ्याला जायचं न्हाय."

तसं चाललं होतं. दोघे बोलायचे नाहीत. बोलायचं झालं तर मामाकडं तोंड करून, "त्याला सांगा", "त्याला इचारा". समोरासमोर उभे राहून.

आता सयाजीबद्दल एक गोष्ट कबूल केली पाहिजे. माणूस कुजका, पण गाडीला जपावं तर त्यानंच. अण्णांचे नियम त्यानं जसेच्या तसे धरले होते. दर दोन हजार किलोमीटरला ऑईल, मग पाऊस असो, घरात पाहुणे असोत. चेन रॉकेलनं धुऊन, पुसून, मग तेल. टॅपेट सेट करायचं तर इंजिन गार असताना, पहाटे. स्पोकवर पान्ह्यानं टिचकी मारून आवाज ऐकायचा, जो बद्द वाजेल तो आवळायचा. आणि सगळ्यांच्या वर अण्णांचं एक वाक्य: आधी काडी, मग किक. म्हणजे ऑईलची काडी काढून बघितल्याशिवाय गाडीला किक मारायची नाही. किक मारली तरी लगेच गेर नाही. साठ आकडे मोजायचे, वर ऑईल चढू द्यायचं, मग निघायचं. गावातली चार-चार वर्षांची पोरसवदा इंजिनं धूर ओकत होती आणि ही पंचवीस वर्षांची बया अर्ध्या किकला उठत होती, ती उगाच नाही.

डाव्या बाजूच्या झाकणाच्या आतून अण्णांनी प्रत्येक ऑईलला पांढऱ्या रंगाचा एक ठिपका दिला होता. शंभराच्या वर पांढरे ठिपके. पुढं सयाजीचे पिवळे आणि अभिमन्यूचे लाल. दर खेपेला गाडी माघारी घेताना सयाजी लाल ठिपक्यावर बोट ठेवायचा आणि मामाला म्हणायचा, "मामा, त्याला इचारा, खरंच बदललंय का नुसताच रंग लावलाय."

अभिमन्यू आठवडी बाजारात स्टीलची भांडी विकायचा. गाडीवर मागं हंडे, बाजूला पिंपं, पुढं टाकीवर ताटांची चळत. महिन्यानं गाडी परत यायची ती कॅरेज वाकलेलं, मागचा ब्रेक संपलेला, चेन सैल होऊन लोंबत असलेली. सयाजी दात-ओठ खात दोन दिवस तिची मलमपट्टी करायचा आणि प्रत्येक नट आवळताना भावाच्या नावानं बोटं मोडायचा.

सयाजीची बायको कडक भाकरी करायची. पापडासारखी पातळ, खडखडीत ज्वारीची. सयाजी ती दोन डालग्यांत लावून आठवड्यातून तीनदा सोलापूरला पाच दुकानांत पोचवायचा. गाडीवर नेली तर अख्खी पोचते. एसटीत नेली तर कुणाची तरी पिशवी टेकते, कुणाचा तरी गुडघा लागतो, आणि सोलापुरात डालगं उघडलं की निम्मा चुरा. अभिमन्यूच्या महिन्यात हेच व्हायचं. आता तर मे महिना, सुट्टीची माणसं पुण्या-मुंबईला परत जाताना गठ्ठेच्या गठ्ठे बांधून नेतात. सगळ्यात मोठ्या दुकानदारानं सयाजीला स्वच्छ सांगितलं होतं, "अजून एकदा चुरा आणलास तर मी दुसरीकडून घेणार." पाचांतलं ते एक गेलं की मागचे चार टिकत नाहीत, हे सयाजीला कळत होतं. त्याला तो महिना गाडी हवी होती. काहीही झालं तरी हवी होती.

आणि नेमका यंदा ज्येष्ठ अधिक आला. म्हणजे दोन ज्येष्ठ, आधीचा धोंड्याचा आणि नंतरचा खरा.

वैशाख सयाजीकडं होता. अभिमन्यूनं निरोप धाडला, ज्येष्ठ माझा, तर दोन्ही ज्येष्ठ माझे. सयाजीनं उलट निरोप धाडला, धोंड्याचा महिना धरतच नाहीत, त्या महिन्यात कुणी नवं काम काढत नाही, तर गाडीचा हात तरी का बदलायचा, ती जिथं आहे तिथंच राहील. आठ दिवस मामाच्या दारात निरोपांची ये-जा चालली. शेवटी अमावस्येच्या सकाळी सयाजीच्या कानावर आलं की मामाचं मन अभिमन्यूकडं झुकतंय.

सयाजीच्या डोक्यात तिडीक गेली. चारच दिवसांपूर्वी त्यानं गाडीत नवं ऑईल भरलं होतं, स्वच्छ, मधासारखं, आणि झाकणात पिवळा ठिपकाही देऊन टाकला होता. ते ऑईल आता अभिमन्यूच्या हंड्या-पिंपांखाली जळणार.

दुपारी वस्तीवर चिटपाखरू नव्हतं. ऊन असं की पत्रा कडकड वाजत होता. सयाजीनं गाडी पाच मिनिटं चालू ठेवून ऑईल पातळ केलं, खालचा नट काढला आणि नवं ऑईल एका कॅनमध्ये उतरवून घेतलं. मग गोठ्याच्या कोपऱ्यातला डबा आणला. मागच्या तीन-चार वेळचं काढलेलं ऑईल त्यात होतं, चेनला आणि दाराच्या बिजागऱ्यांना लावायला ठेवलेलं. डांबरासारखं काळं, त्यात धूळ. ते त्यानं धोतराच्या फडक्यातून गाळलं, म्हणजे बघा, पाप करतानाही हाताची सवय जाईना. मग नट आवळून ते गाडीत ओतलं, आणि तेही पुरतं नाही, काडीच्या खालच्या रेघेला लागेल न लागेल एवढंच.

हिशेब त्याच्या मनात पक्का होता. मेचं ऊन, अभिमन्यूचं ओझं आणि हे ऑईल. आठ-दहा दिवसांत गाडी कुठंतरी बाजाराच्या वाटेवर इंजिन आवळून बंद पडेल. मग मामालाच म्हणता येईल, बघा, त्याला गाडी सांभाळता येत न्हाय, ती कायमची मला द्या. पिस्टन, बोअर, काय व्हायचं ते होऊ दे, आपण पुन्हा उभी करू. अण्णांच्या काळात एकदा केलंच होतं की.

काडी परत बसवताना त्याचा हात जरा थांबला. झाकण उघडं होतं आणि आतला पिवळा ठिपका त्याच्याकडं बघत होता. तो पुसावा असं त्याच्या मनात आलं. पण पुसला तर मामा विचारणार. त्यानं झाकण लावून टाकलं आणि हात मातीनं चोळून धुतले. रात्री बायको ताट वाढताना म्हणाली, "जेवत का न्हाय?" तर तिच्यावरच खेकसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भीमामामाच्या दारात तिघे बसले. गाडी लिंबाच्या सावलीत उभी, धुतलेली, पुसलेली, आरशागत. सयाजी ओट्याच्या या टोकाला, अभिमन्यू त्या टोकाला.

"मामा, त्याला सांगा," अभिमन्यू म्हणाला, "नाव ज्येष्ठ हाय का न्हाय? पंचांगात बघ म्हणावं."

"मामा, त्याला इचारा," सयाजी म्हणाला, "धोंड्याच्या महिन्यात त्यानं पोरीचं लगीन काढलं असतं का? न्हाय ना? मग गाडी कशी काढतो?"

"तोंडाला येतंय ते बोलू नगं म्हणावं मामा, न्हाईतर."

"न्हाईतर काय करतो म्हणावं?"

मामानं दोन्ही हात वर केले. तेवढ्यात फाटकाशी एक रिक्षा थांबली आणि विजयमाला उतरली, मागोमाग तिचा नवरा. दाजी म्हणजे कारखान्यातला अबोल माणूस, बायको बोलते तेवढं पुरे असं मानणारा. विजयमालाच्या खांद्याला जड पिशवी होती. कपाळावरचा घाम पुसत ती ओट्याच्या मधोमध, दोघा भावांच्या बरोबर मध्ये बसली.

"कुणाच्या घरी जायचं ते कळंना," ती म्हणाली. "दादा म्हणला असंल अभि बोलवील, अभि म्हणला असंल दादा बोलवील. म्हणून मामाकडंच आले. धोंड्याचा महिना लागलाय. तुमच्या दाजींना वाण न्यायला आणलंय."

दोघांच्याही माना खाली गेल्या. खरं तेच होतं. धोंड्याच्या महिन्यात जावयाला जेवायला बोलवायचं, अनारशांचं वाण द्यायचं, ही घरची रीत अण्णांनी कधी चुकवली नव्हती. यांच्या डोक्यात गाडीखेरीज दुसरं काही शिरलंच नव्हतं.

"देतो की," सयाजी पुटपुटला. "तेहतीस अनारसे, दिवा, पोशाख."

"अनारसे नगं. मला ती द्या." तिनं हनुवटीनं गाडी दाखवली. "पाच गावांत शेळ्यांना लसी टोचत हिंडते मी. पशुसखी म्हणून नेमलंय. खांद्यावर बर्फाची पेटी घिऊन चालते, गावात पोचेपातूर बर्फाचं पाणी हुतं. सही करताना काय म्हणला होता तुमी? सणावाणाला कमी पडू देणार न्हाय. मी त्यानंतर काय मागितलंय का?"

अभिमन्यूनं एकदा गाडीकडं बघितलं, एकदा सयाजीच्या बुटांकडं. त्या बघण्यातच सगळं होतं. गाडी आपल्याला मिळेल की नाही हे नक्की नाही, पण त्याला मिळणार नाही एवढं आत्ता, या क्षणी करता येतं.

"माझ्याकडनं दिली," अभिमन्यू म्हणाला. "मामा, माझं जे काय असंल ते मी आक्काला दिलं. आता त्याला इचारा."

सयाजीनं नाही म्हणावं तर बहिणीचं वाण नाकारल्याचं तोंडावर येतं, आणि अभिमन्यू जन्मभर ते घोळवत बसणार. हो म्हणावं तर भाकरीची डालगी एसटीत. पण महिन्याचाच प्रश्न. आणि निदान हंडे-पिंपं लादून तो तरी तिच्यावर बसणार नाही. ऑईलचं काय, तर दोन दिवसांत मोहोळला जाऊन काहीतरी निमित्तानं बदलून टाकता येईल. भावाचा द्वेष माणसाला किती लवकर शहाणपण शिकवतो बघा.

"दिली," तो म्हणाला.

मामा उठला, आतून तांब्या घेऊन आला. रीत म्हणजे रीत. दाजीनं ओंजळ धरली आणि दोघा भावांनी तांब्याला हात लावला, एकमेकाच्या बोटाला बोट लागणार नाही अशा बेतानं. मामानं पाणी सोडलं.

"झालं," मामा म्हणाला. "माझ्या डोक्याचा ताप गेला. वाण दिलेलं माघारी घेत न्हाईत."

"म्हंजे?" सयाजी ताडकन उठला. "महिन्यापुरती ना मामा?"

"तू महिना म्हणलास का? दिली म्हणलास. हातावर पाणी सोडलंस. जावयाच्या घरनं वाण परत मागणारा कुणी मी आजवर बघितला न्हाय. तू पैला हो."

सयाजीचा चेहरा पांढरा पडला. समोर अभिमन्यूचाही. विजयमाला तोवर गाडीपाशी जाऊन उकिडवी बसली होती.

"आधी काडी," ती स्वतःशीच म्हणाली.

सयाजी तीन ढांगांत तिच्याजवळ पोचला. "बघायची गरज न्हाय. परवाच बदललंय मी. झाकण उघड, खूण हाय."

तिनं झाकण उघडलं. पिवळा ठिपका ताजा, अजून चमक न गेलेला. तिनं मान हलवली आणि तरीही काडी फिरवून बाहेर काढली. टोकाला ओलावा लागेल न लागेल एवढाच, आणि तो काळाकुट्ट. तिनं दोन बोटांत चोळून बघितलं. बोटांवर कचकच लागली. नाकाशी नेलं.

तिनं वर बघितलं नाही. "दादा, हे परवाचं ऑईल?"

सयाजीला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा राग येत होता, पण नेमका कुणाचा ते त्याला कळत नव्हतं.

अभिमन्यू ओट्यावरून उतरून आला. काडी बघितली, ठिपका बघितला, आणि हसला. वाईट हसला. "मामा, कळलं का? आज गाडी माझ्याकडं येणार हुती. हे माझ्यासाठी शिजवलं हुतं. दोन वर्सं माझ्या लाल ठिपक्याला बोट लावत हुता. इचारा त्याला, माझा एक तरी ठिपका खोटा निघाला का. माझा हात राकट आसंल, मी चोर न्हाय."

"तुझ्यासाठीच हुतं," सयाजी मामाकडं बघत म्हणाला. "मामा, सांगा त्याला. व्हय, त्याच्यासाठीच हुतं."

अभिमन्यूनं त्याची गचांडी धरली असती. धरायला हात उचललाही होता. पण विजयमालानं पिशवी उपडी केली आणि आतनं सतराचा पान्हा खणकन फरशीवर पडला. मागोमाग ऑईलचा सीलबंद डबा निघाला, एक फडकं, अण्णांचं जुनं नरसाळं.

"सरका," ती म्हणाली. "उजेड आडवताय माझा."

मामा नरसाळ्याकडं बघतच राहिला. "हे तू घरनंच आणलंस?"

"गाडी ह्या दोघांच्या हातनं येणार म्हणल्यावर आणावं लागतंय की, मामा."

तिनं पातेलं मागून घेतलं, नट काढला. काळं ऑईल पातेल्यात पडत राहिलं. मग तिनं थोडं नवं ऑईल आत ओतून तेही खाली जाऊ दिलं, आतली घाण निघावी म्हणून, अण्णा करायचे तसं. नट आवळला, भरलं, काडी बघितली, पुसली, पुन्हा बघितली. सयाजीला सगळ्यात जास्त लागलं ते हे की तिचा एकही हात चुकला नाही.

शेवटी तिनं किल्लीच्या टोकानं तो पिवळा ठिपका खरवडला. पोपडा निघाला आणि खालचा पत्रा दिसला.

"रंग आणतो, मी देतो खूण," सयाजी कसनुसा म्हणाला. "पांढराच देतो, अण्णांसारखा."

"नगं," विजयमाला म्हणाली. "तुझ्या हाताची आता नगं."

तिनं कपाळाची टिकली काढली, खरवडलेल्या जागेच्या शेजारी दाबून बसवली आणि झाकण लावलं. एका किकला गाडी सुरू झाली. तिनं गेर टाकला नाही. हँडल धरून गप्प उभी राहिली, आणि सयाजी मनातल्या मनात मोजायला लागला, मोजायचं नव्हतं तरी. साठला तिनं पदर खोचला, दाजी मागं बसला, आणि गाडी फाटकातून बाहेर पडली. आवाज अगदी एकसारखा होता, वैरागच्या चौकापलीकडं जाईपर्यंत ऐकू येत राहिला.

मामानं पातेल्यातलं काळं ऑईल एका डब्यात ओतलं आणि सयाजीच्या पुढं धरलं. "हे तुझं. हितं माझ्या दारात ठिऊ नगंस."

सयाजीनं डबा घेतला. एसटी स्टँडची वाट एकच होती आणि वस्तीकडं जाणारी एसटीही एकच. तो फाटकाकडं वळला तर अभिमन्यू वाटेत उभा. दोन वर्षांत पहिल्यांदा तो मामाकडं तोंड न करता, सरळ भावाच्या डोळ्यांत बघून बोलला.

"निम्मं माझं हाय त्यातलं," तो म्हणाला.

सयाजीनं मामाकडं दुसरा डबा मागितला.